जुन्या डार्थ वेडर फिगरचे परीक्षण: लाइटसेबरचे बारीक टोक आणि केप यांवरून काय ठरवावे?

प्रश्न (नवा_संग्राहक)

माझ्या मामांनी त्यांची जुन्या खेळण्यांची पेटी नुकतीच माझ्याकडे सोपवली. तिच्यात ‘स्टार वॉर्स’मधील डार्थ वेडरची केनर कंपनीची एक लहान ॲक्शन फिगर आहे. तिचे कार्ड किंवा वेष्टन उरलेले नाही, म्हणजे संग्राहकांच्या भाषेत ती ‘लूज’ फिगर आहे. उंची साडेदहा ते अकरा सेंटिमीटरच्या दरम्यान भरते. मान, दोन्ही खांदे आणि दोन्ही पाय फिरतात. कोपर किंवा गुडघा वाकत नाही. पायांच्या मागच्या बाजूला उठावाच्या बारीक अक्षरांत ‘जीएमएफजीआय १९७७’ आणि ‘हाँगकाँग’ असा मजकूर आहे.

लाइटसेबर (चित्रपटातील प्रकाशाची तलवार) लाल रंगाचा असून उजव्या हाताच्या आत बसवलेला आहे आणि हाताच्या खाचेतील लहानशा खुंटीने तो पुढेमागे सरकतो. त्याचा सुरुवातीचा भाग जाड आहे. पुढे तो एकदम बारीक होतो आणि ते बारीक टोक थोडे वाकलेले आहे. केप काळ्या, मऊ प्लॅस्टिकची आहे. हात घालण्याच्या भोकांपाशी ती कोठेही फाटलेली नाही आणि बाकी फिगरच्या मानाने ती मला जरा जास्तच ताजी वाटते. छातीवरील पेटीचा रंग कडांना उडालेला आहे, डावा पाय इतका सैल आहे की फिगर आधाराशिवाय उभी राहत नाही, आणि पायांना बोट लावले असता किंचित चिकटपणा जाणवतो.

दोन परिचितांनी मला एकमेकांच्या अगदी विरुद्ध मते दिली. पहिल्याचे म्हणणे असे की, सेबरचे टोक बारीक आहे म्हणून ही १९७८ मधील दुर्मीळ ‘डबल टेलिस्कोपिंग’ आवृत्ती आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, चाळीस वर्षांहून जुनी केप इतकी चांगली राहूच शकत नाही, त्यामुळे सगळीच वस्तू बनावट असली पाहिजे. दोघेही ठामपणे बोलत होते आणि दोघांनीही फिगर दोन मिनिटांपेक्षा जास्त हातात धरली नव्हती.

मला ती विकायची नाही. कपाटात ठेवताना तिच्याखाली एक चिठ्ठी लावायची आहे आणि त्या चिठ्ठीवर जे लिहीन ते खरे असावे, एवढीच इच्छा आहे. परीक्षण कोणत्या क्रमाने करावे, कोणत्या खुणांना किती वजन द्यावे आणि कोणती गोष्ट मुळीच करू नये, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (दहापट_भिंग)

तुमच्या दोन्ही परिचितांची मते विरुद्ध असली तरी त्यांची चूक एकच आहे: दोघांनी एका भागावरून संपूर्ण वस्तूचा निकाल दिला. लूज फिगर ही खरे तर तीन वस्तूंची जुळणी असते. शरीर, हत्यार आणि कपडा हे तिन्ही भाग चाळीस वर्षांत एकमेकांपासून वेगळे होऊ शकतात, हरवू शकतात आणि बदललेही जाऊ शकतात. त्यामुळे प्रत्येक भागाचा निर्णय स्वतंत्रपणे करावा आणि एका भागाबद्दलची शंका दुसऱ्यावर ढकलू नये.

सुरुवात पायावरच्या अक्षरांपासून करा. ‘जीएमएफजीआय’ म्हणजे जनरल मिल्स फन ग्रुप इन्कॉर्पोरेटेड. केनर त्या काळी जनरल मिल्सच्या मालकीची होती. पुढे १९८७ मध्ये ती टोंका कंपनीकडे आणि १९९१ मध्ये हॅस्ब्रोकडे गेली. ‘१९७७’ हा आकडा मात्र पुष्कळांना फसवतो. तो स्वामित्वहक्काचा आहे, निर्मितीचा नाही. चित्रपट १९७७ च्या मे महिन्यात आला, पण खेळणी वेळेत तयार झाली नव्हती, म्हणून त्या वर्षीच्या नाताळात केनरने दुकानांतून चक्क फिगर नसलेले पाकीट विकले. त्यात एक प्रमाणपत्र होते आणि ते पाठवल्यावर १९७८ मध्ये ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू या चार फिगर घरी येत. त्या चारांत वेडर नव्हता. तो १९७८ मध्ये कार्डावर आलेल्या पहिल्या बारा फिगरपैकी एक होता. ज्या कार्डाच्या पाठीवर या बाराच फिगरची चित्रे असत त्याला संग्राहक ‘ट्वेल्व्ह बॅक’ म्हणतात. त्यानंतर १९८० आणि १९८३ च्या चित्रपटांच्या कार्डांवरही वेडर विकला गेला आणि १९८५ मध्ये ही मालिका संपत आली तेव्हाही तो बाजारात होता. या सर्व काळात पायावर १९७७ हेच वर्ष राहिले. म्हणून कार्ड नसलेल्या वेडरबद्दल, दुसरा पुरावा नसेल तर, ‘१९७८ ते १९८५ या काळातील’ असेच लिहावे लागते. हे वाचून थोडी निराशा होईल, याची मला कल्पना आहे. परंतु पायावरचा आकडा पाहून ‘१९७७ ची फिगर’ असे लिहिणे चुकीचेच ठरेल.

अक्षरे काय सांगतात याइतकेच ती कशी उठली आहेत, हेही पाहा. मूळ फिगर धातूच्या साच्यात दाबाने प्लॅस्टिक भरून तयार झाल्या, त्यामुळे अक्षरांच्या कडा भिंगाखाली स्वच्छ दिसतात. मूळ फिगरवरून रबरी साचा घेऊन ओतलेल्या नकलेत ही अक्षरे भरल्यासारखी, गोलसर होतात, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची सूक्ष्म छिद्रे सापडतात आणि सुकताना प्लॅस्टिक आकसल्यामुळे संपूर्ण नक्कल मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान भरते. खात्रीची एखादी फिगर शेजारी ठेवता आली आणि व्हर्नियर कॅलिपरने खांद्यांची रुंदी व पायाची लांबी मोजता आली, तर हा फरक पकडता येतो. डोळ्यांच्या अंदाजावर मात्र विसंबू नका. देशाच्या नावाबद्दलही एक सावधगिरी बाळगा. केनरच्या फिगर वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होत असत, त्यामुळे हाँगकाँगखेरीज इतर देशांची नावेही आढळतात, आणि काही साच्यांतून देशाचे नाव घासून काढल्याची खूण फिगरवर उमटलेली दिसते. तेव्हा देशाचे नाव नसणे हा बनावटपणाचा पुरावा ठरत नाही.

२०१९ मध्ये हॅस्ब्रोने ‘रेट्रो कलेक्शन’ या नावाने जुन्या केनर फिगरसारख्याच दिसणाऱ्या फिगर काढल्या आणि त्यांत वेडरही होता. दुरून काढलेल्या छायाचित्रात ती फिगर जुनी म्हणून सहज खपते. तुमच्या फिगरच्या पायांवरील मजकूर तुम्ही लिहिला तसाच असेल, तर ही शंका उरत नाही.

आता सेबर. सर्वांत जास्त गैरसमज याच भागाबद्दल आहेत. अगदी सुरुवातीच्या उत्पादनात ल्यूक, बेन केनोबी आणि वेडर या तिघांचे सेबर दोन टप्प्यांत लांबत असत: हातातून जाड नळी बाहेर येई आणि त्या नळीच्या पोटातून दुसरी बारीक काडी बाहेर ओढता येई. हीच ‘डबल टेलिस्कोपिंग’ रचना. ती लवकरच सोडून देण्यात आली आणि तिच्या जागी एकसंध सेबर आला. मात्र एकसंध सेबरलाही पुढे बारीक टोक ठेवलेले आहे, म्हणजे पूर्ण लांबवलेल्या जुन्या सेबरसारखाच त्याचा आकार आहे. त्यामुळे टोक बारीक असणे ही दुर्मीळ आवृत्तीची खूण नाही. साध्या, भरपूर संख्येने विकल्या गेलेल्या सेबरचेही टोक बारीकच असते. जाड भाग जेथे संपतो त्या पायरीवर भिंग धरा. तेथे दोन वेगळ्या तुकड्यांमधली सांध्याची गोल रेघ दिसते की प्लॅस्टिक अखंड आहे, हा खरा प्रश्न आहे. टोक बोटाने आत ढकलून पाहू नका. खरोखरच दोन तुकडे असतील तर काडी मोडेल, आणि एकसंध असेल तर आधीच वाकलेले टोक तुटेल.

समजा तेथे रेघ दिसलीच, तरी घाईने आनंद मानू नका. साधा सेबर कापून आणि पोखरून त्यात काडी बसवण्याचे प्रकार झालेले आहेत. अशा वेळी फिगर खात्रीच्या नमुन्याशेजारी ठेवून, हे काम अनेक वर्षे करणाऱ्या माणसाच्या हातात देण्यावाचून दुसरा मार्ग नाही. छायाचित्रांवरून याचा निर्णय मी स्वतः कधीही देत नाही.

उत्तर (कापडी_जावा)

वरील विवेचनात केपचा भाग राहिला आहे. याच भागावर मी पूर्वी फसलो असल्यामुळे त्याबद्दल लिहितो.

पहिल्या बारा फिगरमध्ये जावा नावाची एक बुटकी फिगर होती. सुरुवातीला तिला प्लॅस्टिकची केप दिली होती, पण एवढ्याशा फिगरला ती फारच किरकोळ दिसते असे वाटून केनरने लवकरच कापडी झगा दिला. त्यामुळे प्लॅस्टिकच्या केपचा जावा दुर्मीळ झाला आणि त्याच्या नकला निघू लागल्या. बेन केनोबीची मोठी तपकिरी केप कापून ती जावाला घालणे ही त्यांतली सर्वांत जुनी युक्ती. मी विकत घेतलेला जावा असाच निघाला. शरीर अगदी खरे होते, आणि शरीर खरे आहे या समाधानात मी केपकडे नीट पाहिलेच नाही. विक्रेत्याने ‘मूळ फिगर’ असे लिहिले होते; ते शरीरापुरते खरे होते आणि केपबद्दल तो काहीच बोलला नव्हता. तेव्हापासून ‘मूळ’ हा शब्द कोणत्या भागाला उद्देशून वापरला आहे, हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

वेडरच्या केपबाबत उलट अडचण येते. ती बेन केनोबीच्या केपप्रमाणेच पुष्कळ वेळा फाटते, विशेषतः हाताच्या भोकांपाशी, कारण मुले हात वर-खाली फिरवत असताना ताण तेथेच येतो. फाटलेल्या केपच्या जागी नवी नक्कल घालणे सोपे असल्याने, चांगल्या शरीरावर नकली केप ही अतिशय सामान्य जोडी आहे. तुमचे दुसरे परिचित एवढ्यापुरते बरोबर आहेत की ताजी केप पाहून शंका यावी. पण त्या शंकेची पोच केपपुरतीच आहे. शिवाय खेळणे वापरात नसेल, केप काढून सपाट ठेवलेली असेल किंवा पेटी थंड व अंधारी असेल, तर मूळ केपही चांगली राहते.

केप काढताना आधी दोन्ही हात खाली आणा आणि भोक बोटाने हळूच मोठे करून हात बाहेर घ्या, ओढू नका. खोली फार थंड असेल तर हे काम करूच नका, कारण थंडीत हे प्लॅस्टिक कडक होते आणि फाटण्याची भीती वाढते. काढल्यावर तीन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे दोन्ही बाजूंचा पोत: मूळ केपच्या पृष्ठभागाची ठेवण खात्रीच्या केपशी पडताळल्याशिवाय शब्दांत नेमकी सांगता येत नाही, म्हणून तुलना अटळ आहे. दुसरी म्हणजे जाडी, कारण अनेक नकला पातळ व लुळ्या असतात. तिसरी, आणि मला सर्वांत बोलकी वाटणारी, म्हणजे झीज. शरीराच्या खांद्यांवर जेथे घासल्याच्या खुणा आहेत, त्यांना जुळणाऱ्या खुणा केपच्या आतल्या बाजूला आहेत का? अनेक वर्षे एकत्र राहिलेल्या दोन वस्तू एकमेकांवर ठसे सोडतात. शरीर घासलेले आणि केप आतून कोरी, असे असेल तर त्या दोन वस्तू एकत्र जुन्या झालेल्या नाहीत.

उत्तर (रसायन_आणि_खेळणी)

चिकटपणाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ व्हावे म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ मिसळतात, ज्याला प्लास्टिसायझर म्हणतात. हा पदार्थ प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, त्यामुळे तो वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर येत राहतो. उष्णतेने हा वेग वाढतो. त्यावर धूळ बसते आणि वस्तू काळवंडलेली, मळकट दिसू लागते. तुमच्या फिगरच्या पायांना जाणवणारा चिकटपणा हाच असण्याची शक्यता मोठी आहे. तो वयाचा परिणाम आहे, बनावटपणाचा नाही. कोमट पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण घालून, मऊ कापडाने पुसून लगेच कोरडे करावे. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश काढण्याचे द्रव वापरू नये; ते रंगही नेते आणि प्लॅस्टिकही विरघळवते. रंगवलेल्या भागावर अल्कोहोलसुद्धा नको. साफ करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवा, कारण मळ हाही काही वेळा पुरावा असतो.

आपल्याला पुष्कळ जण ‘पाण्यात टाकून पाहा, मूळ हत्यार तरंगते’ असेही सांगतील. या चाचणीमागे विज्ञान आहे, पण ते पूर्ण समजून न घेता ती वापरली जाते. पॉलिएथिलीनची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे ०.९१ ते ०.९७ असते, म्हणून त्याचा तुकडा तरंगतो. एबीएस या कडक प्लॅस्टिकची सुमारे १.०४ आणि पीव्हीसीची त्याहूनही जास्त असते, म्हणून ते बुडतात. जुनी बरीच हत्यारे हलक्या प्लॅस्टिकची होती आणि सुरुवातीच्या बऱ्याच नकला जड प्लॅस्टिकच्या होत्या, एवढाच या चाचणीचा आधार. नक्कल करणाऱ्यांनाही ती माहीत झाल्यावर तरंगणाऱ्या नकला निघाल्या. त्यातही इतका लहान तुकडा पाण्याच्या पृष्ठताणावर किंवा चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यावर तरंगत राहू शकतो, म्हणून चाचणी घ्यायचीच असेल तर तो आधी पूर्ण बुडवून सोडावा लागतो. वेडरचा सेबर तर हाताच्या आत अडकलेला असतो, आणि केवळ या चाचणीसाठी तो बाहेर काढणे मला अजिबात मान्य नाही.

उत्तर (जुना_कारागीर)

सैल पायाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. बरेच जण पाय गरम पाण्यात धरून आणि दाबून घट्ट करतात किंवा सांध्यात पारदर्शक ॲक्रिलिक पॉलिशचा थेंब सोडतात, आणि फिगर पुन्हा उभी राहते. मी स्वतः खेळण्यांची दुरुस्ती करतो, तरी संग्रहातील वस्तूवर मी हे करत नाही. सैल सांधा हा त्या वस्तूच्या स्थितीचा भाग आहे आणि पारदर्शक आधार देऊन ती उभी करता येते. एकदा घातलेले पॉलिश सांध्यातून पुरते काढता येत नाही, आणि पुढे कोणी ती पाहील तेव्हा त्याला घट्ट सांधा दिसेल पण तो का घट्ट आहे ते दिसणार नाही.

रंगाबाबतही तेच. छातीवरील उडालेल्या कडा भरून काढू नका. उलट कोणी आधीच त्या भरल्या आहेत का, हे तपासा. कारखान्यातला रंग झिजतो तेव्हा तो उंच कडांवर आधी जातो आणि झिजेची कड हळूहळू विरळ होते. हाताने नंतर दिलेला रंग खोलगट भागांत साचतो, कुंचल्याच्या रेघा सोडतो आणि कित्येकदा झिजलेल्या जागेच्याही पुढे पसरतो. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली नवा रंग किंवा गोंद वेगळा चमकला तर ती उपयुक्त सूचना आहे, परंतु न चमकणे म्हणजे शुद्धतेची पावती नव्हे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (नवा_संग्राहक)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे आधी छायाचित्रे काढली, मग एका ज्येष्ठ संग्राहकांकडे फिगर घेऊन गेलो. त्यांच्याकडे स्वतः कार्डावरून काढलेला वेडर आहे, म्हणजे शेजारी ठेवायला खात्रीचा नमुना मिळाला.

पायांवरील अक्षरे दहापट भिंगाखाली स्वच्छ आहेत, बुडबुडे नाहीत. कॅलिपरने घेतलेली मापे दोन्ही फिगरची सारखीच आली. छातीवरील रंग फक्त उंच कडांवरून गेला आहे आणि अतिनील दिव्याखाली काही वेगळे दिसले नाही. सेबरच्या पायरीवर मी बराच वेळ भिंग धरून बसलो. तेथे कोणतीही रेघ नाही. जाड भाग आणि टोक एकाच प्लॅस्टिकचे, अखंड आहेत. म्हणजे ती दुर्मीळ आवृत्ती नाही, हे आता मला स्पष्ट दिसते. खरे सांगायचे तर क्षणभर वाईट वाटले, पण ते टोक मी ढकलून पाहिले नाही याचे समाधान त्याहून मोठे आहे. चिकटपणा सौम्य साबणाने पुसल्यावर बराच कमी झाला.

केपबाबत मात्र निकाल दुसऱ्या बाजूने लागला. नमुन्याच्या केपपेक्षा माझी केप बोटांना उघडपणे पातळ लागते, तिचा आतला पोत वेगळा आहे, आणि फिगरच्या खांद्यांवर घासल्याच्या ठळक खुणा असताना केपच्या आतल्या बाजूला एकही खूण नाही. मामांना विचारले तेव्हा त्यांना आठवले की जुनी केप लहानपणीच फाटली होती आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी दुसरी मिळवून घातली होती. त्यांनी कोणालाही फसवण्यासाठी हे केले नव्हते. फिगर पूर्ण दिसावी, एवढेच त्यांच्या मनात होते.

आता माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत. ही केप काढून टाकावी की राहू द्यावी? आणि पुढील चिठ्ठी योग्य आहे का? ‘डार्थ वेडर, केनर, १९७७. मूळ फिगर, मूळ सेबर, बदललेली केप.’ एका परिचिताने असेही सुचवले आहे की फिगर व्यावसायिक ग्रेडिंगसाठी पाठवावी, म्हणजे कायमचा निकाल लागेल.

उत्तर (दहापट_भिंग)

ग्रेडिंगपासून सुरुवात करतो. ॲक्शन फिगर ऑथॉरिटी, जिला संग्राहक एएफए म्हणतात, तिच्यासारख्या संस्था शंभरपैकी गुण देतात आणि वस्तू ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून परत पाठवतात. कार्डावरील फिगर असेल तर कार्ड, त्यावरील पारदर्शक बबल आणि फिगर यांचे गुण वेगवेगळे दिले जातात, आणि तेथे ते फार उपयोगी पडते, कारण बबल उकलून पुन्हा चिकटवला आहे का, हे ठरवणे घरी अवघड जाते. तुमची फिगर लूज आहे, तिची केप बदललेली आहे आणि तुम्हाला ती विकायची नाही. ग्रेडिंगमधून तुम्हाला आज माहीत नसलेले काही कळेल असे मला वाटत नाही. उलट मामांच्या आठवणीतून जे कळले, ते कोणत्याही पेटीवर छापून आले नसते.

केपबद्दल मला वाटते की ती राहू द्यावी, पण अंगावर नव्हे. मऊ पीव्हीसी दुसऱ्या प्लॅस्टिकला सतत चिकटून राहिले तर त्यातील प्लास्टिसायझर शेजारच्या वस्तूत उतरतो. विशेषतः पॉलिस्टायरीनचे आधार किंवा पेट्या त्याने खराब होतात. म्हणून केप आम्लरहित कागदात सपाट ठेवून त्याच कपाटात, पण स्वतंत्र ठेवावी. फिगरखालचा आधारही पॉलिस्टायरीनचा नसावा. कपाटावर थेट ऊन येऊ देऊ नका आणि दिवे कपाटाच्या आत नकोत, कारण बंद जागेत त्यांची उष्णता साठत जाते.

चिठ्ठीत दोन दुरुस्त्या सुचवतो. ‘१९७७’ काढून टाका. ते पायावरील वर्ष आहे, फिगरचे नव्हे. आणि सेबरला ‘मूळ’ म्हणण्याआधी तो याच फिगरच्या हातात पहिल्यापासून होता की नंतर बसवला, हे आपण तपासलेले नाही, हे लक्षात घ्या. खाचेतील खुंटीभोवतीची झीज हाताच्या झिजेशी जुळते का, ते एकदा पाहून घ्या.

उत्तर (कापडी_जावा)

केप वेगळी ठेवण्याला माझी संमती आहे. मात्र चिठ्ठीत मामांचा उल्लेख जरूर करा. कोणी, केव्हा आणि का बदलली हे माहीत असलेली केप आणि केवळ ‘बदललेली केप’ यांत संग्राहकाच्या दृष्टीने फार अंतर आहे. माझ्या जावाबाबत ते एक वाक्य कोणी लिहून ठेवले असते, तर मी तो आनंदाने आणि डोळे उघडे ठेवून घेतला असता.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (नवा_संग्राहक)

खुंटी आणि खाच पाहिली. दोन्हींच्या कडा सारख्याच गुळगुळीत झाल्या आहेत आणि सेबर पूर्ण आत घेतल्यावर खुंटी जेथे थांबते तेथे हातावर एक लहानसा चकचकीत ठिपका पडला आहे. चिठ्ठी आता अशी लिहिली आहे:

‘डार्थ वेडर. केनर, १९७८ ते १९८५ या काळातील उत्पादन. पायावर हाँगकाँगची मुद्रा. शरीर मूळ, पुन्हा रंगवलेले नाही. डावा पाय सैल. सेबर एकसंध, टोक वाकलेले, झीज हाताशी जुळणारी. मूळ केप फाटल्यामुळे मामांनी पुढे दुसरी मिळवली. ती नक्कल असून शेजारी कागदात ठेवली आहे.’

उत्तर (दहापट_भिंग)

आता एकही शब्द बदलू नका. मागच्या बाजूला तपासणीची तारीख आणि खात्रीच्या नमुन्याशी तुलना केल्याची नोंद तेवढी लिहा.